टाकोबाच्या पोटातलं पाणी

होती कोण? होती कुंभारीण.

मडकी करणारी नव्हे. उडणारी. कुंभारीण माशी. कंबर दोऱ्याएवढी. पाय काळे, लांबच लांब. उडाली की आवाज व्हायचा, गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

माशी म्हणून हसायचं नाही. ती एकटी घर बांधते. ओली माती आणते. तोंडानं मळते. गोळी करते. गोळीवर गोळी लावते. ना घमेलं, ना थापी, ना गवंडी. बांधून दाखवा तुम्ही.

खाडीच्या काठी एक घर होतं. घराशेजारी गॅरेज होतं. गॅरेजच्या भिंतीवर, खिळ्याच्या खाली, कुंभारणीनं घर बांधलं. केवढं? बोटाएवढं. आत बाळ ठेवलं. बाळ केवढं? तिळाएवढं.

भिंती झाल्या. छप्पर झालं. राहिलं काय?

दार राहिलं.

दाराला एकच गोळी लागणार होती. कुंभारीण गोळी घेऊन आली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं. दाराशी पोचली, आणि गोळी सुटली.

टप्प.

खाली पडली. फुटली. भुगा झाला.

भिंतीवर वरच्या अंगाला पाल होती. गुबगुबीत. डोळे वटारून बसली होती. ती म्हणाली,

"चुक चुक. दार नाही, दार नाही. मी येते."

"येऊन तर बघ," कुंभारीण म्हणाली.

म्हणाली खरी. पण दार लावायचं कशानं?

माती होती. अंगणभर होती. पण होती कोरडी. कोरड्या मातीची गोळी होत नाही. पाणी हवं. थेंबभर.

कुंभारीण माठाकडे गेली. माठावर झाकण. मोरीकडे गेली. मोरी खडखडीत. खाडीत पाणी होतं, पण खारट. खारट मातीचं दार टिकत नाही. विहीर होती, पार देवळापलीकडे. तोवर पाल पोचली असती.

तेवढ्यात गॅरेजच्या कोपऱ्यातून आवाज आला.

डुचुक डुचुक. डुचुक डुचुक.

हे तर पाणी.

कोपऱ्यात कोण बसलं होतं? टाकोबा. लाल लाल, गोल गोल. दोन चाकं, एक दांडा. त्याचं खरं नाव कॉम्प्रेसर. नाव लांब आहे, जमेल तसं म्हणा. त्याचं काम सोपं. हवा गिळायची. पोटात दाबून ठेवायची. सायकलचं चाक बसलं की त्यात भरायची. रंग मारायचा असला की रंग फवारायचा. घराचे मालक भिकूआबा त्याला लाडानं टाकोबा म्हणायचे.

आज मात्र टाकोबावर गोणपाट घातलं होतं. डोक्यावरून पार चाकांपर्यंत.

कुंभारीण गोणपाटात शिरली. आत अंधार. अंधारात टाकोबा कण्हत होता.

"काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारीण म्हणाली,

"टाकोबा टाकोबा, पाणी दे.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

टाकोबा म्हणाला, "पाणी पोटभर आहे. इकडची हवा ओली. मी हवा गिळतो, पाणी पोटात उरतं. थेंब थेंब साठलं, आता पोट दुखतं. आत हवा भिजली आहे. खोकते बिचारी. पण पाणी देऊ कसं? माझ्या पोटाखाली तोटी आहे. तोटी उघडेल तर देईन. नाहीतर नाही."

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. चुक चुक.

कुंभारीण निघाली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

तोटी होती टाकोबाच्या अगदी बुडाशी. जमिनीकडे तोंड करून. बारकी, पितळेची, हिरवी पडलेली. रुसून बसलेली.

"काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारीण म्हणाली,

"तोटी तोटी, उघड.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

तोटी म्हणाली, "आज आठवण झाली का माझी? या घरात आल्यापासून मला कुणी हात लावला नाही. टाकोबाला पुसतात, चाकांना तेल घालतात. माझ्याकडे कोण वाकून बघतंय? माझी मान आखडली. पाना फिरेल तर उघडेन. नाहीतर नाही."

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. चुक चुक.

कुंभारीण निघाली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

पाना होता फळीवर टांगलेला. लांब मान, उघडं तोंड. वाऱ्यानं हलायचा आणि भिंतीला वाजायचा. खण् खण्, खण् खण्.

"काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारीण म्हणाली,

"पान्या पान्या, फिर.
पाना फिरेल, तोटी उघडेल.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

पाना म्हणाला, "फिरलो असतो. पण मला पाय कुठे आहेत? मला नुसतं तोंड आहे. भिकूआबा मला हातात धरतील तर फिरेन. नाहीतर नाही."

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. चुक चुक.

कुंभारीण निघाली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

भिकूआबा पडवीत बसले होते. गुडघ्यावर कोपर, हातावर हनुवटी. रडत नव्हते हं. नुसतं नाक पुसत होते. मोठी माणसं तसंच सांगतात.

"काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारीण म्हणाली,

"आबा आबा, पाना धरा.
आबा पाना धरतील, पाना फिरेल.
पाना फिरेल, तोटी उघडेल.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

आबांनी पुन्हा नाक पुसलं. म्हणाले, "पाना धरून काय करू, बाय? नातीच्या सायकलला रंग मारत होतो. तर टाकोबा रंगात पाणी थुंकायला लागला. थुक थुक, थुक थुक. रंगाला फोड आले. मी हेमाला फोन केला. हेमा म्हणजे समोरची मिस्त्रीबाय. तिला यंत्रांतलं सगळं कळतं. ती म्हणाली, आबा, त्यावर पाणी सोडा."

पाणी सोडा म्हणजे काय, कळलं? म्हणजे, गेलं म्हणायचं. विसरायचं. टाकून द्यायचं.

"म्हणून मी गोणपाट घातलं," आबा म्हणाले. "संध्याकाळी भंगारवाला येईल, घेऊन जाईल. नेताना मी बघणार नाही. मिस्त्रीबाय काही दुसरं बोलेल तर पाना धरीन. नाहीतर नाही."

आणि आबांनी तोंड फिरवलं.

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. चुक चुक.

कुंभारीण निघाली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

पायवाट ओलांडली की हेमाचं घर. हेमा पंप दुरुस्त करते. मोटर दुरुस्त करते. होडीचं इंजिनसुद्धा खोलते आणि परत जोडते. हाताला काळं तेल, कपाळाला काळं तेल. सगळे तिला मिस्त्रीबाय म्हणतात. आज मिस्त्रीबाय उंबऱ्यावर बसली होती. ओठांवर बोट ठेवून.

"श्श. हळू," मिस्त्रीबाय कुजबुजली. "काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारीणही कुजबुजली. तुम्हीसुद्धा आता कुजबुजा.

"मिस्त्रीबाय मिस्त्रीबाय, बोल.
मिस्त्रीबाय बोलेल, आबा पाना धरतील.
आबा पाना धरतील, पाना फिरेल.
पाना फिरेल, तोटी उघडेल.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

मिस्त्रीबाय कुजबुजली, "बोलले असते. पण आबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. आणि माझी दुर्वा आत्ता कुठे निजली आहे. सकाळपासून दात शिवशिवत होते तिचे. रडून रडून लाल झाली होती. ओरडले तर दचकेल. दुर्वा आपली आपण उठेल तर बोलेन. नाहीतर नाही."

मग ती आणखी हळू म्हणाली, "तूही आई. तुला काय सांगायचं?"

कुंभारणीला कळलं. निजलेलं बाळ तिला कळत होतं. पण तिचं बाळ दाराशिवाय होतं.

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. चुक चुक.

कुंभारीण निघाली. पण यावेळी अगदी हळू. गुंईं. गुंईं.

मिस्त्रीबायच्या पडवीत झोळी होती. झोळीत दुर्वा होती. मुठी मिटलेल्या. गाल फुगलेले. हनुवटीवर लाळ. दुर्वा झोपेत हसली. आणि झोपेतच बोलली,

"काय गो कुंभाली, का गो आलीश?"

कुंभारीण तिच्या कानाशी आली. कानाला स्पर्शसुद्धा केला नाही. म्हणाली,

"दुर्वाबाय दुर्वाबाय, ऊठ.
दुर्वा उठेल, मिस्त्रीबाय बोलेल.
मिस्त्रीबाय बोलेल, आबा पाना धरतील.
आबा पाना धरतील, पाना फिरेल.
पाना फिरेल, तोटी उघडेल.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

दुर्वा झोपेतच म्हणाली, "झोळी हलते. गोड गोड वाटते. झोळी थांबेल तल उठेन. नाईतल नाई."

आणि अंगठा तोंडात घातला.

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. चुक चुक.

कुंभारीण निघाली. गुंईं. गुंईं.

झोळी होती जुन्या लुगड्याची. मऊ मऊ. वाशाला बांधलेली. इकडे जायची, तिकडे जायची. झुईं झुईं, झुईं झुईं.

"काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारीण म्हणाली,

"झोळी झोळी, थांब.
झोळी थांबेल, दुर्वा उठेल.
दुर्वा उठेल, मिस्त्रीबाय बोलेल.
मिस्त्रीबाय बोलेल, आबा पाना धरतील.
आबा पाना धरतील, पाना फिरेल.
पाना फिरेल, तोटी उघडेल.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

झोळी म्हणाली, "मी का माझी मी हलते? मी तर लुगडं. वारा हलवतो, मी हलते. वारा थांबेल तर थांबेन. नाहीतर नाही."

भिंतीवर पाल पाऊलभर पुढे. आता दार अगदी जवळ. चुक चुक.

कुंभारीण निघाली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

वारा होता माडाच्या शेंड्यावर. झावळ्या धरून झुलत होता. सूं सूं, सूं सूं. कुंभारीण वर गेली. वाऱ्यानं उडवली. खाली आली. पुन्हा वर गेली. पुन्हा उडवली. पंख दुखले. पुन्हा वर गेली. यावेळी झावळीला घट्ट धरून बसली. झावळी हलली, कुंभारीण हलली. पण पाय सुटले नाहीत.

वारा थोडा ओशाळला.

"काय गो कुंभारणी, का गो आलीस?"

कुंभारणीला धाप लागली होती. तरी तिनं एक शब्दही गाळला नाही.

"वाऱ्या वाऱ्या, थांब.
वारा थांबेल, झोळी थांबेल.
झोळी थांबेल, दुर्वा उठेल.
दुर्वा उठेल, मिस्त्रीबाय बोलेल.
मिस्त्रीबाय बोलेल, आबा पाना धरतील.
आबा पाना धरतील, पाना फिरेल.
पाना फिरेल, तोटी उघडेल.
तोटी उघडेल, टाकोबा पाणी देईल.
टाकोबा पाणी देईल, माती मळीन.
माती मळीन, दार लावीन.
दार लावीन, बाळ माझं निजेल."

वारा म्हणाला, "मी थांबत नसतो. मी कुणाचं ऐकत नसतो. मी..."

आणि मध्येच म्हणाला, "टाकोबा कोण?"

"भिकूआबांचा," कुंभारीण म्हणाली. "लाल लाल, गोल गोल. तो हवा गिळतो. त्याच्या पोटात एक हवा अडकली आहे. पाण्यात भिजली आहे. खोकते."

"केवढी आहे?"

"लहान आहे."

वारा शेंड्यावरून खाली वाकला.

"ती माझी धाकटी बहीण," वारा म्हणाला. "आम्ही दोघं खाडीवरून आलो होतो. ती गॅरेजात शिरली. मला वाटलं, खेळत असेल. मी आपला झुलत बसलो इथे."

त्यानं कसलीच अट घातली नाही. तर नाही, आणि नाहीतर नाही.

वारा थांबला.

झावळ्या थांबल्या. खाडीवरच्या बारीक लाटा थांबल्या. दोरीवरचे कपडे थांबले.

झोळी झुईं झुईं, झुईं झुईं, झुईं, झु... झोळी थांबली.

दुर्वानं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. रडली का? नाही रडली. मोठी जांभई दिली. ही एवढी.

दुर्वा उठली.

मिस्त्रीबायनं तिला उचललं. कडेवर घेतलं. पायवाटेवर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात हाक मारली. आता कुजबुजायचं कारण नव्हतं.

"आबा, ओ आबा. टाकोबाचं पाणी सोडलंत का?"

"सोडलं गो," आबा पडवीतून म्हणाले. "त्यावर पाणी सोडलं. गोणपाटसुद्धा घातलं."

"गोणपाट कशाला?"

"मग काय शाल घालू? तूच म्हणालीस ना, त्यावर पाणी सोडा?"

मिस्त्रीबायनं कपाळावर हात मारला. कपाळाला आणखी काळं लागलं.

"त्यावर नाही हो आबा. त्याचं. त्याचं पाणी सोडा म्हणाले मी. पाणी साठलंय त्याच्या पोटात. ते बाहेर काढायचं. पोटाखाली तोटी आहे, ती उघडायची."

"पोटाखाली तोटी आहे?"

"आहे. वाकून बघा कधीतरी."

"तू फोनवर पुटपुटतेस, त्याला मी काय करू?"

"मी पुटपुटते? पलीकडच्या काठाला ऐकू जातं माझं. तुम्ही फोन उलटा धरता."

 आबा केव्हाच उठले होते. एका पायात चप्पल, एका पायात नाही. गॅरेजात शिरले. गोणपाट ओढून काढलं.

"टाकोबा," आबा म्हणाले, "माझंच चुकलं रे ऐकण्यात."

टाकोबा म्हणाला, "डुचुक."

"आधी बटण बंद करा," मिस्त्रीबाय गॅरेजच्या दारातून म्हणाली. "मग थोडी हवा सोडा. मग तोटी. घाई करू नका."

"मला शिकवतेस होय?" आबा म्हणाले. पण सगळं तसंच केलं.

बटण बंद केलं. टक्.

थोडी हवा सोडली. फुस्स.

मग आबांनी पाना धरला.

पाना फिरला. कुर्र. तोटी हलेना. पाना पुन्हा फिरला. कुर्र, कुर्र.

"आई गो, जपून," तोटी म्हणाली.

"जपूनच करतोय, बाय," आबा म्हणाले. आणि त्यांनी खरंच तोटीवर हळूच अंगठा फिरवला. हिरवं पुसलं. तेलाचा एक थेंब सोडला.

कुर्र, कुर्र, कट्.

तोटी उघडली.

फिस्स. थुक थुक. मग थेंब. मग बारीक धार. पाणी चहासारखं तांबूस. तळाला गंज होता ना, म्हणून. धार पडली जमिनीवर. जमीन मातीची. कोरडी माती पाणी प्यायली आणि ओली झाली.

टाकोबानं पाणी दिलं.

पण पाल? पाल दाराशी पोचली होती. नाक दारावर. जीभ बाहेर.

कुंभारीण खाली आली. माती उचलली. तोंडानं मळली, मळली, मळली. गोळी झाली. वाटाण्याच्या डाळीएवढी. उचलली. उडाली. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

यावेळी गोळी सुटली नाही. पायांनी धरली, जबड्यानं धरली, सगळ्या जिवानं धरली.

थप्.

गोळी दारावर बसली. पालीच्या नाकासमोर. कुंभारणीनं ती पसरली. इकडून थोपटली, तिकडून थोपटली. थप् थप्, थप् थप्.

थोडी माती पालीच्या नाकाला लागली. पाल शिंकली.

"चुक..." ती म्हणाली. पुढचं चुक काही आलं नाही. ती वळली आणि आल्या वाटेनं वर गेली. कुंभारीण तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला वेळ कुठे होता?

आता माझ्याबरोबर म्हणा. मोठ्यानं.

वारा थांबला, झोळी थांबली.
झोळी थांबली, दुर्वा उठली.
दुर्वा उठली, मिस्त्रीबाय बोलली.
मिस्त्रीबाय बोलली, आबांनी पाना धरला.
आबांनी पाना धरला, पाना फिरला.
पाना फिरला, तोटी उघडली.
तोटी उघडली, टाकोबानं पाणी दिलं.
टाकोबानं पाणी दिलं, कुंभारणीनं माती मळली.
कुंभारणीनं माती मळली, कुंभारणीनं दार लावलं.

टाकोबाचं पोट रिकामं झालं. आता डुचुक नाही. कण्हणं नाही. पाण्यामागून हवा बाहेर आली. ओली ओली, खोकत खोकत. गॅरेजच्या दारात वारा उभा होता. त्यानं धाकटीचा हात धरला. तिला उन्हात नेलं. कोरडी केली. मग दोघं खाडीवर गेली, हळूहळू, कारण ती थकली होती.

मिस्त्रीबाय म्हणाली, "आबा, हे रोज करायचं. काम संपलं की पाणी सोडायचं. नाहीतर आतून गंजेल तो."

"रोज सोडीन."

"कशावर?"

"त्यावर नाही, बाय. त्याचं. त्याचं पाणी सोडीन. किती वेळा म्हणवून घेशील?"

मिस्त्रीबाय हसली. दुर्वाही हसली. तिला काही कळलं नव्हतं, पण आई हसली म्हणून हसली.

भंगारवाला आला तेव्हा आबा नातीच्या सायकलला रंग मारत होते. टाकोबा रंग फवारत होता. फर्र फर्र, फर्र फर्र. एक फोड नाही, एक थुंकी नाही.

"काय आहे द्यायला?" भंगारवाल्यानं विचारलं.

"गोणपाट आहे," आबा म्हणाले. "हवं तर ने."

तिकडे वारा परत आला. अगदी हलका. दुर्वा पुन्हा झोळीत होती. झोळी हलली, झुईं झुईं. दुर्वाचे डोळे मिटले.

इकडे भिंतीवर बोटाएवढं घर होतं. भिंती फिकट, दार तांबडं. गंजाच्या पाण्याचं ना, म्हणून. तसं दार खाडीच्या काठाला दुसऱ्या कुणाचं नव्हतं. कुंभारणीनं दाराला कान लावला. आत अंधार होता. अंधारात तिळाएवढं बाळ निजलं होतं.

कुंभारीण दारापाशी बसली. पंख मिटले. आता कुणाकडे काही मागायचं नव्हतं.

माती झाली ओली, गोष्ट पुरी झाली.
दार झालं बंद, निजा मंद मंद.